फोनवरून पैसे द्यायला खातं उघडताय? आधी नंबर कुणाचा ते बघा

आमच्या केंद्रात रोज एखादा तरी माणूस फोन पुढे करतो. "दादा, हे स्कॅनरवालं चालू करून द्या." पासबुक असतं, आधार असतं, फोनही नवाकोरा असतो. आणि ॲप सांगतं, या नंबराचं खातं सापडलं नाही. माणूस बँकेत जातो. बँक म्हणते, आमच्याकडे सगळं बरोबर आहे, ॲपवाल्यांना विचारा. ॲपवाल्यांचं दार कुठं आहे ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून तो परत माझ्याकडे.

या स्कॅनरवाल्या सोयीचं नाव यूपीआय. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो, नामंजुरीचं पत्रही येत नाही. त्यामुळे काय चुकलं ते कळतच नाही. लागतं एवढंच: यूपीआयवर असलेल्या बँकेत चालू स्थितीतलं खातं, त्या खात्याला लावलेला मोबाइल नंबर, तेच सिम बसवलेला फोन, आणि पिन ठरवायला डेबिट कार्ड किंवा आधारचा ओटीपी. ॲप उतरवणं, भाषा निवडणं, बँक निवडणं हे घरातलं कॉलेजचं पोरगं पाच मिनिटांत करून देतं. अडतं ते नंबरावर आणि नावावर.

नंबराचं त्रांगडं

२०१० साली २२ नोव्हेंबरला आयएमपीएस ही बँकांची लगेच पैसे पाठवायची सोय सुरू झाली तेव्हा फोनवरून पैसे पाठवायला समोरच्याचा मोबाइल नंबर आणि त्याच्या बँकेने दिलेला सात आकडी एमएमआयडी दोन्ही लागायचं. तो सात आकडी नंबर कुणाच्या लक्षात राहणार? ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत यूपीआयची घोषणा झाली, ऑगस्टपासून बँकांची ॲप्स येऊ लागली आणि ती कटकट गेली. पण सगळा भार आता मोबाइल नंबरावर आला. बँकेच्या लेखी तुम्ही म्हणजे तुमचं सिम.

ॲप सुरू करताना फोन तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतो. तो कुठल्या नंबरावरून आला ते बघून तुमची ओळख पटते. म्हणून सिम त्याच फोनमध्ये हवं. मुलाच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं, पण एसएमएस जात नाही. दोन सिम असतील तर बँकेला दिलेलंच निवडायचं. आणि ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे रिचार्ज. फक्त फोन यावेत म्हणून सिम जिवंत ठेवलेलं असतं, एसएमएस पाठवायची सोय त्या पॅकमध्ये नसते, आणि ॲप "पडताळणी अयशस्वी" म्हणत बसतं. माझ्याकडे आलेल्यांपैकी कित्येकांचं काम शेजारच्या दुकानात रिचार्ज मारून झालंय.

खरी डोकेदुखी बँकेत नोंदवलेल्या नंबराची. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली, गावोगाव कॅम्प लागले. घरात एकच फोन, तोही बापाकडे किंवा दिराकडे. फॉर्मवर तोच नंबर पडला. कुठं शेजाऱ्याचा, कुठं फॉर्म भरणाऱ्याचा. आता त्या मावशींनी स्वतःचा फोन घेतलाय आणि खात्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. बंद पडलेला नंबर तर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच गिऱ्हाइकाला देते. तुमच्या खात्याचे मेसेज मग त्या अनोळखी माणसाला जाऊ लागतात. नंबर बदलला की पहिलं काम बँकेचं. बाकी नातेवाइकांना नंतर कळवा.

नंबर बदलायला शाखेत साधा फॉर्म असतो. सोबत पासबुक आणि आधारची झेरॉक्स, आणि मूळ आधार दाखवायला. काही बँकांत एटीएमवरूनही होतं. फॉर्म दिला की पोच घ्या. पोच न घेता परत आलेली माणसं पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फॉर्म भरताना मी बघितलीत, कारण पहिला टेबलाच्या कुठल्या कप्प्यात गेला ते साहेबांनाही आठवत नाही.

"आधार लिंक आहे" या तीन शब्दांनी सगळ्यांची माती केलीय. आधारला मोबाइल जोडणं हे एक. बँकेला आधार देणं हे दुसरं. सरकारी अनुदान कुठल्या खात्यात जावं यासाठी आधार खात्याशी जोडणं हे तिसरं. आणि खात्याला मोबाइल नंबर लावणं हे चौथं. यूपीआयला हे चौथं लागतं. लाडक्या बहिणीचे पंधराशे दर महिन्याला जमा होतायत म्हणजे तिसरं झालंय, एवढाच त्याचा अर्थ. काउंटरवर "लिंक करून द्या" म्हणू नका. "माझा हा मोबाइल नंबर खात्याला लावा" असं म्हणा.

पिनपाशी पुन्हा अडतं. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष विचारतात. कार्ड पाकिटात तसंच पडलेलं असतं, कधी चालूच केलेलं नसतं, किंवा मुदत संपलेली असते. कार्ड नसेल तर आधार ओटीपीने पिन ठरवता येतो, पण तेव्हा बँकेतला आणि आधारातला नंबर एकच हवा. तो वेगळा असेल तर आधार केंद्र गाठा. नंबर बदलायला तिथं कागदपत्र लागत नाही, बोटं किंवा डोळे पटले की झालं. सुरुवातीच्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. त्या दिवशी मोठी रक्कम अडकली तर घाबरून पिन बदलत बसू नका.

खातं कुठलं चालतं

पतसंस्थेचं चालत नाही. पासबुक अगदी बँकेसारखं असतं, घरी येऊन पिग्मी नेणारा माणूस ओळखीचा असतो, पण पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला असतं तसं पाच लाखांचं विमा संरक्षणही तिला नाही. जिल्हा बँका आणि नागरी सहकारी बँकांचं मात्र सरसकट सांगता येत नाही. काही स्वतःच्या ॲपसह यूपीआयवर आहेत, काही नाहीत. खातं उघडण्याआधी कुठल्याही यूपीआय ॲपच्या यादीत बँकेचं नाव शोधा. पोस्टातही हीच फसगत होते: पोस्टाचं बचत खातं वेगळं, आणि त्याच खिडकीत मिळणारं २०१८ सालच्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं वेगळं. यूपीआयसाठी हे दुसरं घ्या. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण भाजीपाल्याच्या व्यवहाराला ते पुष्कळ झालं.

नवऱ्या-बायकोचं जोड खातं "दोघांपैकी कोणीही" अशा सहीचं असेल तर चालतं. "दोघांच्या सह्या हव्यात" असं असेल तर विसरा.

दोन वर्षं खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. "पण व्याज पडलंय की!" असं लोक म्हणतात. बँकेने टाकलेलं व्याज किंवा कापलेलं शुल्क यात धरत नाहीत. असं खातं पुन्हा चालू करायला केवायसी, म्हणजे ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रं, द्यावी लागते, पैसे नाहीत. कुणी शुल्क मागितलं तर रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेला नियम दाखवा. किमान शिल्लक नव्हती म्हणून निष्क्रिय खात्यावर दंड लावायलाही त्यात मनाई आहे.

आता घरबसल्या पाच मिनिटांत उघडणारं खातं. नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेल्या खात्यात शिल्लक एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही, आर्थिक वर्षात जमा दोन लाखांच्या वर नाही, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी झाली नाही तर खातं थांबतं. हे वर्ष खातं उघडल्या दिवसापासून मोजतात. लोक "मार्चपर्यंत वेळ आहे" म्हणून बसतात आणि ऐन दिवाळीत पैसे अडकतात. असं खातं एका वेळी एकाच बँकेत चालतं. दुसरीकडे नाही असं तुम्ही त्या फॉर्मवर लिहून दिलेलं असतं, न वाचता. व्हिडिओ कॉलवर पॅन दाखवून केलेली केवायसी मात्र पूर्ण धरतात. जमत असेल तर तीच करा.

कागदपत्रं

आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, अधिकाऱ्याच्या सहीचं रोजगार हमीचं जॉब कार्ड. यांतलं एक, शिवाय पॅन. पॅन नसेल तर फॉर्म ६०, म्हणजे पॅन नसल्याचं लिहून द्यायचं. आणि फोटो. झालं.

या यादीत रेशन कार्ड नाही. अर्धा तालुका बँकेत पहिल्यांदा रेशन कार्डच काढून दाखवतो, कारण तहसीलमध्ये त्याशिवाय पान हलत नाही. बँकेत ते चालत नाही, वाद घालून उपयोग नाही. पत्ता बदललेला असेल तर वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यावं लागतं. हे तीन महिने कुणीच लक्षात ठेवत नाही.

सगळ्यात जास्त हेलपाटे बायकांना पडतात. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, पासबुकावर तिसरंच. नियम सोपा आहे: नाव बदलल्याचं राज्य सरकारचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडली की जुन्या नावाचं ओळखपत्रही ग्राह्य धरतात. पण ते प्रमाणपत्र असतं किती जणींकडे? लग्न मांडवात झालं, नोंद कुणी केलीच नाही. लग्नपत्रिका आणि फोटो बँकेत चालत नाहीत; ते ग्रामपंचायतीत न्या. तिथं ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपालिकेत, साक्षीदार उभे करून उशिरानेही नोंद होते, थोडा दंड भरावा लागतो इतकंच. हे काम बँकेच्या कामाआधी करा. नाहीतर दोन्हीकडे खेटे.

कागद खरोखरच काही नाही त्यांना "छोटं खातं" मागता येतं. बँक अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा द्यायचा. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला काढणं १० हजारांपर्यंत, मुदत बारा महिने. कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी बारा. शाखेत "असं काही नसतं" म्हणतील. असतं.

मग निवडायचं कुठलं

माझं मत लोकांना जुनाट वाटतं. व्याजाचा अर्धा टक्का आणि ॲपचा रंग बघू नका. ज्या बँकेची शाखा एसटीने जाऊन दुपारपर्यंत परत येण्याइतकी जवळ आहे तिथं खातं उघडा. कारण नंबर कधी ना कधी बदलणारच, फोन हरवणारच, आणि त्या दिवशी काउंटर लागतो. दुसरं बघायचं ते किमान शिल्लक. स्टेट बँकेने २०२० सालीच बचत खात्यावरची ही अट काढली. बाकी बँकांत खातं उघडण्याआधी विचारा, डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्कही विचारा. मूलभूत बचत खातं कुठल्याही बँकेत शून्य शिलकीवर मिळतं. मात्र ते घेतलं की त्याच बँकेतलं दुसरं बचत खातं ३० दिवसांत बंद करावं लागतं.

जमल्यास स्कॅनरसाठी हे वेगळं खातं ठेवा, त्यात महिन्याचा खर्च टाका, आणि पेन्शनचं किंवा ठेवीचं खातं यूपीआयला जोडूच नका. कुणी फसवलंच तर नुकसान त्या महिन्यापुरतं राहतं. फसवलं गेलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरावर फोन करा, आधी भावकीत सल्ला विचारत बसू नका. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. जो पिन मागतोय तो तुमचे पैसे काढतोय.

नवं खातं उघडताना एक चौकट बघा: अनुदान या खात्यात घ्यायचं का, असं विचारलेलं असतं. न वाचता हो केलं तर पीएम किसानपासून सगळं नव्या खात्यात वळतं, कारण अनुदान शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. मग तात्या जुन्या बँकेत जाऊन भांडतात.

स्मार्टफोन नसेल तर *९९# आहे, नेट लागत नाही, एका वेळी ५,००० पर्यंत. म्हाताऱ्या आईवडिलांना पिन ठेवणं जमत नसेल तर यूपीआय सर्कलमध्ये त्यांना तुमच्या खात्यावरून महिन्याला १५ हजारांपर्यंत खर्चू देता येतं. आखातात गेलेल्यांनी इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवलेलं असतं, ते चालत नाही. अनिवासी खातं केलं की युएई, ओमान, कतार, सौदीच्या नंबरावरही यूपीआय लागतं, बँकेने ती सोय दिली असेल तर.

दुकानदाराला दिलेले पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. माणसाला पाठवलेले असतील तर दुसऱ्याच दिवशी. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. दिली नाही तर बँकेकडे तक्रार करा, ३० दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८. हे ३० दिवस बँकेला तक्रार लेखी किंवा ॲपवर मिळाली त्या तारखेपासून मोजतात. काउंटरवर साहेबांशी बोललात, चहा घेतलात, ते धरत नाहीत. तक्रारीचा क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.