'लेआउट'च्या शहरात 'पुट ऑफ' का अडतं? फ्रेजल व्हर्बची पार्श्वभूमी

नागपुरात पत्ता सांगताना 'लेआउट' हा शब्द हमखास येतो. पांडे लेआउट, भेंडे लेआउट. नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र) '572' आणि '1900' लेआउट तर वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. जमीन आखून प्लॉट पाडणं म्हणजे इंग्रजीत 'ले आउट', आणि हे अस्सल फ्रेजल व्हर्ब आहे. एक साधं क्रियापद, त्याच्या मागे एक छोटा शब्द, आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ. बॅकअप, सेटअप, पिकअप, ड्रॉपआउट हे सगळे याच घरातले. नाम म्हणून ते आपल्या तोंडी बसलेत. पण तीच क्रियापदं वाक्यात वापरायची म्हटलं की हुशार मुलंही अडतात. 'पोस्टपोन' येतं, 'पुट ऑफ' सुचत नाही. 'टॉलरेट' कळतं, 'पुट अप विथ' ऐकलं की गोंधळ उडतो. याची मुळं बरीच जुनी आहेत.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत असे छोटे शब्द बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी लागत, संस्कृत उपसर्गांसारखे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना 'प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्' ही ओळ आठवेल. धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ पार दुसरीकडे जातो. दोन्ही भाषा एकाच भारोपीय (भारत-युरोपीय) कुळातल्या, त्यामुळे हे साम्य नुसतं वरवरचं नाही. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटून वाक्यात दूरही उभा राहत असे. इंग्रजीतल्या जुन्या पद्धतीचे अवशेष 'फरगिव्ह', 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' अशा शब्दांत आजही सापडतात. 'विथस्टँड'मधला 'विथ' म्हणजे 'सोबत' नव्हे, 'विरुद्ध'. त्या शब्दाचा तो मूळ अर्थ.

पुढे हे उपसर्ग झिजत गेले आणि क्रियापदानंतर येणाऱ्या शब्दांनी त्यांची जागा घेतली. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती केलेल्या डॅनिश-नॉर्स लोकांच्या बोलीत हे वळण आधीच रुळलेलं होतं, त्याचाही हातभार लागला असं बरेच अभ्यासक मानतात. पीटरबरोच्या मठातली बखर 1154 सालच्या नोंदीपाशी थांबते. तिच्यात 'गिव्ह अप' आलेलं आहे. मधल्या काळात, 1066 मध्ये, फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंड जिंकून आले. दरबार आणि न्यायनिवाडा फ्रेंचमध्ये चालू लागला, नंतर विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले. एकाच कामाला दोन-दोन क्रियापदं झाली: विझवण्याला घरगुती 'पुट आउट' आणि भारदस्त 'एक्स्टिंग्विश', चढण्याला 'गो अप' आणि 'असेंड'.

सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं की परक्यांना सर्वांत जास्त त्रास याच जोड्यांचा होतो, आणि म्हणून आपण त्या काळजीपूर्वक नोंदवल्या आहेत. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच उशिरा छापलं गेलं. 1925 मध्ये लोगन पिअर्सॉल स्मिथ यांनी ते वापरलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी त्यांना ते सुचवलं होतं.

आता आपल्याकडे वळू. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात 1846 मध्ये शाळा काढली. 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. इंग्रजी इथे आली ती कचेरी, कोर्ट आणि परीक्षा यांच्यामार्फत. माझ्या मते अडचणीचं खरं कारण हेच आहे. अर्जाच्या आणि निकालपत्राच्या भाषेत लॅटिन-फ्रेंच थराचा भरणा असतो, आणि तोच आपण पिढ्यान्‌पिढ्या घोकला. स्वयंपाकघरातली, भांडणातली, लाडाची इंग्रजी आपल्या कानावर पडलीच नाही. राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आली, तरी पुस्तकातली यादी पाठ करून घेण्याची सवय टिकून आहे.

यादीपेक्षा त्या छोट्या शब्दाकडे पाहणं जास्त कामाचं. 'अप' म्हणजे आधी नुसतं 'वर'. त्यातून 'पूर्ण, शेवटपर्यंत' असा अर्थ निघाला: 'ईट अप', 'यूज अप'. हे मराठी माणसाला अवघड वाटायला नको. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. 'खाऊन घे' आणि 'खाऊन बसला' यांत दुसरं क्रियापद जी छटा आणतं, तेच काम तिकडे 'अप', 'ऑफ', 'आउट' करतात.

वाक्यातली जागा मात्र शिकावीच लागते. 'टर्न ऑफ द कूलर' आणि 'टर्न द कूलर ऑफ' दोन्ही चालतं. कूलरऐवजी 'इट' आलं की फक्त 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चुकीचं. 'लुक आफ्टर'ची जोडी अशी फुटत नाही. तिथे 'लुक आफ्टर इट' हेच बरोबर.

आणि 'पासआउट'. '2019 चा पासआउट' असं नागपुरात रोज ऐकू येतं. प्रशिक्षण संपवलेल्या सैनिकांच्या 'पासिंग आउट परेड'मध्ये हाच अर्थ आहे, आणि भारतभर तो कॉलेजलाही लावला जातो. ब्रिटन-अमेरिकेत रोजच्या बोलण्यात 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. तेव्हा नागपुरातल्या बर्डीवर (सीताबर्डीवर) मित्राशी बोलताना 'पासआउट' खुशाल म्हणा. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत 'आय ग्रॅज्युएटेड इन 2019' म्हणा.