मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटी : ‘सेंट्रल’ नेमके कोणाचे?

मुंबईत मध्य रेल्वेला सर्रास ‘सेंट्रल’ म्हटले जाते. त्यामुळे मुंबई सेंट्रल हे मध्य रेल्वेचेच स्थानक असणार, असा समज बाहेरगावच्या प्रवाशांचा हमखास होतो. प्रत्यक्षात मुंबई सेंट्रल पश्चिम रेल्वेचे आहे आणि मध्य रेल्वेचे मुख्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी, येथे आहे. तिकिटावरचे संकेतही गोंधळात भर घालतात. एकाचा एमएमसीटी, दुसऱ्याचा सीएसएमटी, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

घोळाचे मूळ इतिहासात आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने (हिच्याही नावात सेंट्रल आहेच) १८ डिसेंबर १९३० रोजी कुलाब्याच्या टर्मिनसला पर्याय म्हणून ‘बॉम्बे सेंट्रल’ सुरू केले. मध्य रेल्वे हे नाव अवतरले ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, म्हणजे स्थानक रेल्वेपेक्षा जवळजवळ २१ वर्षांनी थोरले. सीएसएमटीची इमारत त्याहून जुनी. व्हिक्टोरिया टर्मिनस हे तिचे नाव १९९६ मध्ये बदलले, तर २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

गाडी कोठून सुटते याचा ढोबळ अंदाज दिशेवरून बांधता येतो. सुरत, वडोदरा, अहमदाबादकडच्या गाड्या मुंबई सेंट्रलहून सुटतात. पुणे, नाशिक, सोलापूर, विदर्भ आणि कोकणाकडच्या सीएसएमटीहून. दिल्लीच्या बाबतीत मात्र हा ठोकताळा फसतो, कारण राजधानी दोन्हीकडून सुटते : एक वडोदऱ्यामार्गे, दुसरी नाशिकमार्गे. शिवाय वांद्रे टर्मिनस आणि कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस ही आणखी दोन ठिकाणे असल्याने शेवटी तिकिटावरचे नाव पाहणेच बरे.

लोकलने जाणाऱ्याला दोन्ही ठिकाणचा अनुभव अगदी वेगळा येतो. सीएसएमटीला रूळ संपतात. फलाट १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ मेल-एक्स्प्रेसचे, आणि हार्बरची लोकलही येथेच येऊन थांबते. मुंबई सेंट्रलला केवळ लांब पल्ल्याच्या गाड्यांचा प्रवास संपतो, लोकल पुढे चर्चगेटला निघून जाते. जलद लोकलही येथे थांबत असल्या, तरी सामान घेऊन आलेल्याने डोळा लागू देऊ नये. एसटीचे मोठे आगार मुंबई सेंट्रल स्थानकाजवळच आहे, ही मात्र या बाजूची मोठी सोय.

चुकून दुसऱ्याच स्थानकावर पोहोचलेल्याला या दोहोंमध्ये थेट लोकल मिळत नाही. दादरला जाऊन पूल ओलांडायचा आणि उलट यायचे, एवढा वळसा पडतो. डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग क्रमांकांचे झाल्याने (पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ पासून पुढे) तेथली गफलत तरी कमी झाली आहे. एरवी टॅक्सी हाच मार्ग असे. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून सीएसएमटीहून काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड ओलांडून पुढच्या, मुंबई सेंट्रलच्या थांब्यावर उतरता येते. त्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे, आणि ते स्वतः ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे संचालक होते, तिचीच पुढे मध्य रेल्वे झाली.