घोडागाडी शर्यत (बेळगाव सीमाभाग)

घोडागाडी शर्यत म्हणजे हलक्या दोनचाकी गाडीला घोडा जुंपून रस्त्यावर नाहीतर माळावर पळवायची स्पर्धा. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या पट्ट्यात आणि हद्दीपलीकडं कोल्हापूर-सांगलीकडंही गावची जत्रा, उरूस किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की बैलगाड्यांच्या जोडीला ही शर्यत ठेवतात. बक्षीस रोख, ढाल, कधी मोटारसायकल. मराठी-कन्नड वाद इथं कुणी काढत नाही, शौकीन दोन्हीकडचे.

शर्यत सुटली की गाडीच्या मागं आणि बाजूनं मोटारसायकली सुटतात. हॉर्न, शिट्ट्या, आरडाओरडा, मागं बसलेला एकजण मोबाईलवर शूटिंग करतोय आणि दुसरा चालत्या गाडीवरून हात लांब करून घोड्याच्या पुठ्ठ्यावर काठी हाणतोय, कारण गाडीवानाचा चाबूक पुरेसा नाही असं त्यांना वाटतं. घोडा मुळात भित्रा जनावर, कळपातला, धोका वाटला की पळायचं हीच त्याची जगायची रीत, म्हणजे तो जिंकायला पळत नसतो, मागच्या गोंगाटापासून सुटका करून घ्यायला पळत असतो. बघणाऱ्याला ती जिद्द वाटते.

घोड्याचं शरीर समजून घेतलं तर यातलं बरंच काही सहन होत नाही. घोडा फक्त नाकानं श्वास घेतो, आपल्यासारखं तोंड उघडून दम घेता येत नाही. भरधाव पळताना तर एका झेपेला एकच श्वास, त्यामुळं शेजारच्या गाडीचा धूर आणि धुरळा थेट फुप्फुसात जातो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, तिथं लगामाची कडी बसते, हाडावर पातळ कातडं एवढंच, म्हणून जोरात खेचलेला लगाम तोंड फाडतो. काटेरी लगाम तर ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या 1965 च्या नियमांत बंदच आहे, आणि तापमान 37 डिग्रीच्या वर गेलं की दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचं नाही हेही त्याच नियमांत आहे. आपल्या जत्रा फेब्रुवारी ते मे. चाबकाचं काही लागत नाही, कातडं जाड असतं, असं म्हणणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2020 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर घोड्याच्या कातडीच्या वरच्या थरात वेदनेच्या मज्जातंतूंची टोकं माणसाइतकीच निघाली. नॉर्वेनं रेसमधला चाबूक 1982 मध्येच बंद केला.

सगळ्यात अनाकलनीय प्रकार म्हणजे घोडा-बैल शर्यत. एकाच गाडीला एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला बैल. बैल जू वशिंडापुढं मानेवर घेऊन ओढतो, घोड्याला वशिंड नाहीच, तो छाती-खांद्यानं ओढतो. उंची वेगळी, टप्पा वेगळा, वेग वेगळा. घोडा पुढं खेचतो, बैल फरफटतो, दोघांनाही जखमा होतात. ही कसोटी नेमकी कशाची, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

कायद्याचं बघितलं तर 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती बंद केल्या, मग 2017 मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्रानं प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात आपापली दुरुस्ती केली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं ती मान्य केली. पण कर्नाटकच्या दुरुस्तीत नाव आहे ते कंबळा (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलांच्या शर्यतीचं. घोडा त्यात नाही. बैल सुटला म्हणजे सगळंच सुटलं असं धरून गावोगावी घोडे पळवले जातात आणि 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा त्यांना तसाच लागू आहे हे कमिटीवाले विसरतात. अर्थात त्या कायद्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, मग धाक कुणाला वाटणार. रेसकोर्सवरच्या घोड्यांबद्दल 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं रेस हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, पण तिथं प्रश्न पैसे लावण्याचा होता, घोड्याच्या हालांचा नव्हता.

साहेबी खेळात सगळं नीट चालतं असंही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत चिठ्ठीनं वाट्याला आलेला घोडा उडी घेईना म्हणून जर्मन प्रशिक्षिकेनं त्याला बुक्का मारला, जगानं ते टीव्हीवर पाहिलं आणि पुढं त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. 2024 मध्ये ब्रिटनची ऑलिंपिक विजेती शार्लट डुजार्डिन घोड्याला वारंवार चाबूक मारतानाच्या व्हिडिओमुळं पॅरिसमधून बाहेर पडली, तिला वर्षभर बंदी झाली. कोट-टोपी घातली म्हणून मार कमी लागत नाही.

आणि घोड्याला मान देणंही याच मातीत आहे. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायी आळंदीला जातात, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत चालतात. रिंगणात दोन घोडे धावतात, एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसलेत अशी श्रद्धा. धावून गेल्यावर टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. त्या मोकळ्या पाठीच्या घोड्यावर ना चाबूक ना काठी, तरी तो पळतो आणि लाखो लोक भान हरपून बघतात. मग गावच्या जत्रेत काठीशिवाय गाडी पळत नाही हे कारण कसं मान्य करायचं?

देशात घोडे आणि तट्टू 2012 च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होते, 2019 मध्ये साधारण 3.4 लाख. टांगे गेले, नालबंद शोधावा लागतो, पाळणारे उरले ते बहुतेक लग्नाच्या वरातीवाले नाहीतर शर्यतीचे शौकीन. यातले कितीतरी जण घोड्याला पोटच्या पोरासारखा सांभाळतात, रोज खरारा, भिजवलेला हरभरा, कडबा. पण शर्यतीआधी उपाशी ठेवणं आणि नंतर एकदम तोबरा भरून खाणं घालणं अजून चालतं, आणि तेच घातक. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत असतं, म्हणून थोडं थोडं सतत खाणं लागतं, आणि त्याला उलटी होत नाही, त्यामुळं पोटात अडकलेलं वर येऊ शकत नाही. घोडा सारखा कुशीकडं वळून बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, घाम सुटलाय, लीद बंद आहे, म्हणजे पोटशूळ. अशा वेळी दारू पाजणं, तेल ओतणं असले प्रयोग करायचे नाहीत, खाणं काढून घ्यायचं आणि लगेच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करायचा.