खोक्यावर ब्लूटूथ, तरी हेडफोन जोडला जात नाही: रिसीव्हर आणि ट्रान्समीटरची गल्लत

साउंडबार, वाय-फाय स्पीकर किंवा म्युझिक स्ट्रीमरच्या (इंटरनेटवरची गाणी वाजवणाऱ्या डब्याच्या) खोक्यावर ‘ब्लूटूथ’ छापलेलं असतं. घेणाऱ्याला वाटतं, रात्री घरची मंडळी झोपली की यालाच हेडफोन जोडू. बऱ्याचदा ते जमत नाही. खोक्यावरचा शब्द खोटा नसतो, पण आवाज आत येणार की बाहेर जाणार हे तो सांगत नाही.

ब्लूटूथवरून गाणी ऐकायची ती सहसा ए२डीपी नावाच्या प्रोफाइलवर, म्हणजे आवाज पाठवण्याच्या ठरलेल्या नियमांवर. त्यात एक उपकरण पाठवणारं, म्हणजे सोर्स, आणि दुसरं घेणारं, म्हणजे सिंक. फोन पाठवतो, हेडफोन घेतो. साउंडबारमध्ये सहसा असतो तो रिसीव्हर, म्हणजे तोही घेणाराच. दोन घेणारे शेजारी ठेवले तर दोघांचे दिवे पेअरिंगसाठी लुकलुकत राहतात आणि पुढे काही घडत नाही. रिसेट मारा, फर्मवेअर अपडेट करा, पाठवण्याची सोयच दिलेली नसेल तर उपयोग शून्य.

सोनोसचे २०२३ मध्ये आलेले एरा १०० आणि एरा ३०० फोनवरचं गाणं ब्लूटूथने घेतात, हेडफोनला मात्र पाठवत नाहीत. २०२४ मध्ये सोनोसने स्वतःचे एस हेडफोन आणले, तेव्हाही साउंडबारवरचा टीव्हीचा आवाज त्यांच्यात वळवायला वाय-फायच वापरलं. याउलट विम प्रो आणि ब्लूसाउंड नोड हे स्ट्रीमर दोन्ही कामं करतात. अ‍ॅमेझॉनचे एको स्पीकरही फोनकडून घेतात आणि दुसऱ्या ब्लूटूथ स्पीकरला पाठवतात. म्हणून विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये ‘ब्लूटूथ आउटपुट’ किंवा ‘ट्रान्समिट’ हे शब्द शोधा. ब्लूटूथ ५.० की ५.३ या आकड्यावरून दिशा कळत नाही.

तुमच्याकडे नुसता रिसीव्हर असेल तर वेगळा ट्रान्समीटर, म्हणजे ब्लूटूथने आवाज पाठवणारा छोटा डबा, लावावा लागतो. पण त्याआधी एक प्रश्न: ऐकायचं काय आहे? गाणी फोनवरच्या अ‍ॅपमधली असतील तर हेडफोन सरळ फोनला जोडा, मधल्या डब्याची गरजच नाही. ट्रान्समीटरला खरं काम आहे ते टीव्ही, सीडी प्लेअर किंवा रेकॉर्ड प्लेअरसाठी.

टीव्हीला लावताना सगळ्यात जास्त घोटाळा ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावरून आवाज नेणाऱ्या, वायरीचा होतो. साउंडबारवरचं ऑप्टिकल पोर्ट जवळपास नेहमी इनपुट असतं, तिथून आवाज बाहेर पडत नाही. ट्रान्समीटर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमध्ये लावा. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे साधा न आवळलेला डिजिटल आवाज, करा. ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर राहिलं तर टीव्ही डॉल्बी सिग्नल सोडतो, साध्या ट्रान्समीटरला तो उलगडता येत नाही आणि हेडफोनमध्ये चिडीचूप. एखाद्याच चॅनलवर किंवा सिनेमाला आवाज गायब होतो, बाकी सगळीकडे येतो, असं झालं तर पहिला संशय याच सेटिंगवर घ्या.

स्ट्रीमर किंवा सीडी प्लेअरला जोडायचं असेल तर लाल-पांढऱ्या पिनांच्या लाइन आउटमधून वायर घ्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला ट्रान्समीटर कधीही लावू नका, जळेल. लाइन आउटचा सिग्नल साधारण २ व्होल्टपर्यंत जातो. हेडफोन जॅकच्या हिशेबाने बनवलेले छोटे ट्रान्समीटर तेवढ्यावर चिरकतात. जोरकस तबल्याला किंवा तार सप्तकातल्या तानेला आवाज फाटत असेल तर स्ट्रीमरचं आउटपुट ‘व्हेरिएबल’ (कमी-जास्त करता येणारं) करून थोडं खाली आणा आणि हेडफोनचा आवाज वाढवा.

ट्रान्समीटरला सहसा स्क्रीन नसतो, म्हणून पेअरिंगला थोडी शिस्त लागते. आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर हेडफोन सवयीने फोनलाच जाऊन चिकटतो. दोन्ही उपकरणं हातभर अंतरावर ठेवा, हेडफोन पेअरिंगला लावा, मग ट्रान्समीटरचं बटण दाबून धरा. दोन्हीकडे चालणारा टू-इन-वन डबा असेल तर त्याच्या बाजूचं टीएक्स-आरएक्स बटण टीएक्सवर, म्हणजे पाठवण्यावर, आहे ना ते आधी बघा. बटण सरकवल्यावर काही डब्यांना बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय बदल कळत नाही.

गाणी ऐकताना उशीर जाणवत नाही, टीव्हीवर ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो. कोडेक म्हणजे आवाज आवळून पाठवण्याची पद्धत; साध्या एसबीसी कोडेकवर १५० ते २५० मिलिसेकंद जातात. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सीवर साधारण ४०, पण ती ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांतही हवी. एअरपॉड्समध्ये अ‍ॅप्टएक्स नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी या सोयीचे जास्तीचे पैसे मोजू नका. स्पीकर आणि हेडफोन एकदम चालू ठेवले तरी याच उशिरामुळे आवाज दुहेरी ऐकू येतो.

आवाज तुटत असेल तर बऱ्याचदा वाय-फाय आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना अडवत असतात. स्ट्रीमरला लॅनची वायर द्या किंवा ५ गिगाहर्ट्झवर टाका. ट्रान्समीटर टीव्हीच्या मागे राउटरला खेटून असेल तर मीटरभर लांबीची वायर लावून पुढे आणा. छोट्या ट्रान्समीटरचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर असतो. मध्ये काँक्रीटची भिंत आली की शेजारच्या खोलीतही तो पुरेल याची खात्री नाही.