मेक्सिकन पुडीतलं जिरं

दादरच्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात 'मेक्सिकन सीझनिंग' नावाची पुडी मिळते. उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात बहुधा जिरं, लाल तिखट, लसणाची पूड, कांद्याची पूड, ओरेगॅनो आणि मीठ सापडतं. म्हणजे ओरेगॅनो वगळला तर जवळजवळ घरचा मिसळणाचा डबाच. मुलांच्या सुट्टीत घरी टेक्स-मेक्स (अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं मेक्सिकन वळणाचं जेवण) पिझ्झा करायचा बेत ठरला की आमच्याकडे आधी ही पुडी यायची. ती का बंद झाली, ते सांगायला जिऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.

टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. त्यानंतर काही वर्षं स्वतंत्र राहून १८४५ मध्ये तो अमेरिकेत सामील झाला. सरहद्द सरकली, माणसं होती तिथेच राहिली. त्यांच्या चुलीवर मक्याच्या रोट्या, राजमा आणि मिरची आधीपासून होतीच. गोमांस, गव्हाची रोटी आणि पिवळं चीज यांचा वापर मात्र तिकडच्या गुरांच्या कुरणांमुळे आणि अमेरिकी बाजारामुळे वाढत गेला. जिरं स्पॅनिश लोकांनी आणलेलं. १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला येऊन वसलेल्या कुटुंबांना त्याचं श्रेय अनेकदा दिलं जातं. मेक्सिकोच्या बऱ्याचशा भागात जिरं चिमटीने घालतात, टेक्सासमध्ये सढळ हाताने. पिझ्झावरचा वास 'मेक्सिकन' म्हणून आपण ओळखतो, तो खरं तर या टेक्सासी जिऱ्याचा.

सॅन अँटोनिओच्या चौकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संध्याकाळी कंदील लावून बायका चिली कॉन कार्ने विकायला बसत. मांस, मिरची आणि जिऱ्याचा तो दाट रस्सा. 'चिली क्वीन्स' हे त्यांचं नाव गावोगाव झालं आणि प्रवासी मुद्दाम तिथे जेवायला येऊ लागले. पुढे १९३०-४० च्या सुमारास आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना उठवण्यात आलं. पालिकेची गाडी दिसताच टोपली उचलून गल्लीत शिरणारी माणसं पाहत मोठं झालेल्या मुंबईकराला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. त्याच चिलीला १९७७ मध्ये टेक्सासचा अधिकृत राज्य-पदार्थ ठरवलं गेलं, ही त्यातली गंमत.

पण पुडीचा जन्म झाला तो विल्यम गेबहार्ट या जर्मन माणसाच्या हातून. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स या जर्मन वस्तीच्या गावात त्याचं खाणावळवजा दुकान होतं. मिरची हंगामापुरतीच मिळायची, त्यामुळे चिलीही हंगामापुरतीच. १८९० च्या दशकात त्याने मेक्सिकोहून आलेली सुकी आंचो मिरची दळून, इतर मसाले घालून पूड बाटलीत भरली आणि चिली बारमाही केली. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये लालबागच्या मिरचीगल्लीत जाऊन मिरच्या निवडायच्या, भाजायच्या, कांडप करून आणायचं आणि पावसाआधी बरण्या भरून ठेवायच्या, यामागची अडचण हीच. फरक एवढाच की गेबहार्टने त्याचा कारखाना काढला आणि आपण अजून आईच्या प्रमाणावर भांडतो.

नाचोजचं मूळ सरहद्दीच्या मेक्सिकन बाजूला, पिएद्रास नेग्रास गावात. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पलीकडून आलेल्या अमेरिकी बायकांसमोर ठेवायला इग्नासियो आनाया यांच्याकडे फारसं काही नव्हतं. त्यांनी तळलेल्या रोटीच्या तुकड्यांवर पिवळं चीज वितळवलं आणि वर लोणच्यातली हालापेन्यो मिरची ठेवली. इग्नासियोचं लाडकं रूप 'नाचो'. मला विचाराल तर टेक्स-मेक्स पिझ्झाचा आराखडा इथेच तयार झाला, फक्त खालची भाकरी बदलायची होती.

'टेक्स-मेक्स' हा शब्द आधी एका रेल्वे कंपनीसाठी वापरला जाई. १९७० च्या दशकात अस्सल मेक्सिकन स्वयंपाकाचा आग्रह धरणाऱ्यांनी सरहद्दीच्या उत्तरेकडचं जेवण वेगळं काढलं, तेव्हा तो नाक मुरडून वापरला जायचा. चायनीज भेळेकडे पाहून चिनी माणूस जसं मुरडेल, तसंच. ज्या शहराने चायनीज भेळ आपली म्हणून खाल्ली, त्याला टेक्स-मेक्सच्या अस्सलपणाची काळजी कशाला?

पिझ्झा नेपल्सहून न्यूयॉर्कला आला, आणि १९०५ मध्ये लोम्बार्डीचं दुकान तिथे पिझ्झा विकत होतं. टाको बेल या अमेरिकी खाद्यसाखळीने १९८५ मध्ये आणलेला पदार्थ, ज्याला पुढे 'मेक्सिकन पिझ्झा' म्हणू लागले, आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. दोन तळलेल्या रोट्या, मध्ये मांस आणि घोटलेला राजमा, वर सॉस आणि चीज. मांस काढून नुसता राजमा मागता येत असल्याने अमेरिकेतल्या शाकाहारी भारतीय घरांमध्ये तो फार लाडका झाला. २०२० मध्ये तो बंद केला तेव्हा परत आणण्यासाठीच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २०२२ मध्ये तो परतला.

मुंबईत पिझ्झाच्या मोठ्या साखळ्या १९९६ नंतर पसरल्या. त्याआधी घरचा पिझ्झा म्हणजे बेकरीतला तयार बेस, टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची आणि किसलेलं अमूल. पुढे डॉमिनोजच्या 'मेक्सिकन ग्रीन वेव्ह'ने हालापेन्यो हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी आणला, बहुतेकदा 'जलापिनो' असा. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. मका, टोमॅटो, राजमा, ढोबळी ही सगळी मंडळीही मूळची अमेरिका खंडातलीच.

म्हणून आता पुडी नाही. आंचोचं काम ब्याडगी करते, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. चार ब्याडग्या, दोन लसूणपाकळ्या आणि चमचाभर भाजलेलं जिरं वाटून त्यात उकडलेला राजमा घोटायचा आणि कढईत पाणी आटेपर्यंत परतायचा. बेसवर टोमॅटो सॉसऐवजी हा थर लावला की बेस ओला पडत नाही. ओरेगॅनोची पंचाईत मजेशीर आहे. मेक्सिकन ओरेगॅनो ही इटालियन ओरेगॅनोपेक्षा अगदी वेगळ्या कुळातली वनस्पती. गॅलरीतल्या कुंडीत भजीसाठी लावलेलं जाड ओव्याचं पान बारीक चिरून घातलं तर चव छान जुळते (इंग्रजीत त्या पानाचं एक नाव 'मेक्सिकन मिंट' आहेच).

चीजच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. सगळं मोझरेला नको. टेक्सासची चव पिवळ्या, खारट, प्रक्रिया केलेल्या चीजची आहे, त्यामुळे अमूलचा क्यूब इथे तडजोड नसून योग्य निवड ठरतो. तार हवी म्हणून अर्धं मोझरेला घालावं. साधे, बिनमसाल्याचे नाचोज ओव्हनमधून काढल्यावरच वर चुरायचे, आधी घातले तर जळतात. त्यांच्या त्या खास वासामागे चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका असतो, तो घरच्या मक्याच्या पिठाने येत नाही. मग कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. बेस बेकरीतून त्याच दिवशी आणलेला बरा, जुलैत दुसऱ्या दिवशीच त्याला बुरशी धरते.