स्वस्त विजेचे तास: रात्रीकडून दुपारकडे

वेळेनुसार बदलणारा वीजदर स्मार्ट मीटरमुळे चर्चेत आला असला, तरी त्यामागचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. वीजकेंद्राचा मोठा खर्च कोळशावर होत नसून, ग्राहक दिवा लावेल त्या क्षणी वीज देता यावी म्हणून यंत्रे सज्ज ठेवण्यावर होतो, असे ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन याने १८९२ मध्ये मांडले. तेव्हा वीज मुख्यतः उजेडासाठी वापरली जाई, म्हणून संध्याकाळ सोडली तर यंत्रे बहुतेक वेळ रिकामी असत. भांडवलावरचे व्याज मात्र चोवीस तास चढत असे.

हा खर्च ग्राहकांत कसा वाटायचा, याला ब्रायटनच्या आर्थर राइट याने उपकरणातून उत्तर दिले. प्रवाहाने काचेच्या बंद फुग्यातली हवा तापून फुगे, ती नळीतला द्रव पुढे ढकले आणि ओसंडलेला द्रव मोजपट्टीच्या नळीत साचून राही. त्यावरून महिन्यातली कमाल मागणी कळे. ती मागणी कोणत्या वेळी आली, हे मात्र कळत नसे, आणि माझ्या मते पुढच्या इतिहासातली खरी अडचण हीच होती.

फ्रान्समध्ये मार्सेल ब्वातो याने १९४९ मध्ये गर्दीच्या वेळच्या दराचे अर्थशास्त्र मांडले. तिथल्या सरकारी वीज कंपनीने ते आधी उद्योगांना लागू केले आणि १९६५ मध्ये घरांसाठी रात्रीचे स्वस्त तास आणले. त्याच तारांमधून १७५ हर्ट्झचा संकेत येई, पाणी तापवण्याच्या टाकीचा स्विच आपोआप चालू होई आणि घरच्यांना जागे राहावे लागत नसे. ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त दर मिळू लागला. त्यावर विटांमध्ये उष्णता साठवणारे हीटर चालत. अर्थात, दिवसाचा दर त्या बदल्यात चढा असे, त्यामुळे ज्या घरी असा हीटर नव्हता त्याला ही योजना महागच पडे.

सौरऊर्जेने हे गणित उलटवले. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड संचालकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखात सौर आणि पवन वीज वजा जाता उरलेल्या मागणीची रेषा दुपारी खोल जाते आणि सूर्य मावळताच उभी चढते. आकारावरून त्याला बदकाचे नाव पडले. तिथे आता दुपारी ४ ते रात्री ९ हा महाग काळ आहे, म्हणजे नेमका स्वयंपाकाचा, मुलांच्या अभ्यासाचा आणि कामावरून परतण्याचा. कपडे धुण्याचे यंत्र किंवा मोटारीचे चार्जिंग पुढे ढकलता येते. स्वयंपाक, आजारी माणसाचे उपकरण किंवा भाड्याच्या घरातला जुना हीटर तितका सहज हलत नाही. त्यामुळे टाकी, बॅटरी किंवा इलेक्ट्रिक मोटार घेण्याची ऐपत असलेल्या घरालाच या दराचा खरा फायदा होतो. फ्रान्समध्ये २०२५ पासून रात्रीच्या काही स्वस्त तासांची जागा दुपारच्या तासांना दिली जात आहे.