तारीख चुकली आणि कार्डावरचा सवलतीचा दर गेला, तर काय करावे?

सप्रेम नमस्कार.

बेळगावातील शहापूर, खडे बाजार आणि उद्यमबाग येथील, तसेच खानापूर-निपाणीकडून हिशेबासाठी आमच्याकडे येणाऱ्या काही ग्राहकांनी एका क्रेडिट कार्डावरची थकबाकी कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर वळवून घेतली आहे. या व्यवहाराला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. त्यातील कमी दर ही सशर्त सवलत असते आणि ठरलेल्या तारखेला किमान देय रक्कम जमा झाली नाही, तर ती काढून घेण्याचा अधिकार बँक बहुधा ऑफरच्या अटींमध्येच राखून ठेवते. एकदा गेलेली सवलत पुढच्या महिन्यात वेळेवर पैसे भरल्याने आपोआप परत येत नाही.

आपल्या भागात पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणारा माणूस रोज दुकानाच्या दारात येतो आणि पतसंस्थेच्या सोसायटीत सेक्रेटरींना सांगून हप्ता दोन-चार दिवस थांबवता येतो. कार्डाच्या व्यवहारात असे सांगायला समोर कोणी नसते आणि आमच्या अनुभवात चूक नेमकी याच सवयीमुळे होते.

समजा, ६०,००० रुपये दरमहा १ टक्क्याने वळवले आहेत. पहिल्या महिन्याचे व्याज ६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०८ रुपये होतात. सवलत जाऊन दर ३.५ टक्के झाला, की तेच व्याज २,१०० रुपयांवर जाते आणि जीएसटीसह २,४७८ रुपये भरावे लागतात. ऐन गणपतीच्या आधी साड्यांचा माल भरणाऱ्या व्यापाऱ्याला दरमहा १,७७० रुपयांचा हा फरक निश्चितच जाणवतो.

येथे एका गैरसमजाकडे आम्ही कळकळीने लक्ष वेधू इच्छितो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली, तरच विलंब शुल्क लावता येते आणि खाते थकीत असल्याचे क्रेडिट माहिती कंपन्यांना (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना) कळवता येते. हे तीन दिवस केवळ त्या दोन बाबींसाठी आहेत. सवलतीचा दर टिकण्यासाठी तेवढे दिवस मिळतीलच असे त्यावरून समजू नये. त्याचप्रमाणे, किमान रक्कम भरल्याने सवलत सहसा टिकते, मात्र मागील बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणून बाकी वळवलेल्या कार्डावर नवी खरेदी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तारीख चुकल्याचे लक्षात येताच किमान रक्कम नव्हे, तर शक्य तेवढी जास्त रक्कम त्याच दिवशी भरावी. त्यानंतर बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून सवलत पूर्ववत करण्याची विनंती करावी, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि तीच विनंती ईमेलनेही पाठवावी. ती मान्य करणे बँकेच्या मर्जीवर असते, तरीही आधीचे हप्ते वेळेवर गेले असतील तर अवश्य विचारावे. चूक बँकेचीच असेल, उदाहरणार्थ पैसे भरायला किमान पंधरवडा मिळेल इतक्या आधी स्टेटमेंट आले नसेल, तर ती विनंती न राहता रीतसर तक्रार होते. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क दाद मागता येते.

ऑटो डेबिटची (बँक खात्यातून आपोआप वसुलीची) सोय केली असली, तरी आदल्या दिवशी खात्यातील शिल्लक पाहावी, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून अशी वसुली रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही होते. दुसऱ्या बँकेतून पैसे भरल्यास ते कार्डावर जमा व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत. पगार सात-दहा तारखेला होत असून देय तारीख पाच असेल, तर बिलाचे चक्र बदलून मागावे. ते सोयीनुसार निदान एकदा बदलून देणे बँकांना बंधनकारक आहे.

स्टेटमेंट इंग्रजीत असल्यामुळे आमच्या टेबलावर बहुतेकांचे बोट आधी मोठ्या अक्षरातल्या किमान रकमेवर जाते आणि व्याजदराची बारीक ओळ वाचायची राहून जाते. ती ओळ आम्ही आपल्याला मराठीत समजावून देऊ आणि त्यासाठी शुल्क घेणार नाही. येताना मागील तीन महिन्यांची स्टेटमेंट्स आणि ऑफरचा मूळ संदेश सोबत आणावा. कार्डाचा पिन किंवा ओटीपी मात्र आम्हालाही सांगू नये.